हिरव्या देठाचा बेदाणा

पॅरिसला मी तीनदा जाऊन आले आहे आणि गेल्या फेब्रुवारीपर्यंत तासगावला एकदाही गेले नव्हते. तासगाव साताऱ्याहून तीन तासांवर आहे. आमच्याकडे तासगावला जाऊन आलेलं कुणी ते सांगत बसत नाही आणि पॅरिसला जाऊन आलेलं कुणी गप्प बसत नाही, म्हणून हा प्रवास लिहून ठेवते आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तासगावच्या पुढे, मिरजेच्या अलीकडे, चहूकडे द्राक्षबागा असलेलं एक गाव, एवढं पुरे. नाव न घालण्याची विनंती यजमानांचीच आहे आणि वाचून झाल्यावर ती तुम्हालाही पटेल.

तीस वर्षं मी पुण्यात एका कॉलेजात फ्रेंच शिकवलं. निवृत्त होऊन साताऱ्याच्या घरी परतले, तेव्हा इथे माझ्या फ्रेंचला गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी शेजारचे निवृत्त हवालदार मोबाईल पुढे धरून दारात उभे राहिले, तेव्हा मी नको इतक्या उत्साहाने चष्मा शोधला.

प्रकरण असं होतं. त्यांच्या पलटणीतले जुने सुभेदार आता तासगावकडे द्राक्षबाग करतात. शांतिसेनेबरोबर कांगोला असताना त्यांची एका फ्रेंच माणसाशी ओळख झाली होती. तो तिथे धान्यवाटपाच्या कामावर होता. आता फ्रान्समध्ये फळांचा व्यापार करतो. त्याची मेल आली होती, इंग्रजीत. बोलण्याचं सुभेदारांनी कांगोत हातवाऱ्यांवर भागवलं होतं, पण कामापुरतं इंग्रजी त्यांना वाचता येतं. तरी त्यांनी हवालदारांना सांगितलं होतं, "फ्रेंच मानसाचं इंग्रजी हाय, मॅडमना एकदा दाखव." हे वाक्य लक्षात ठेवा. या सगळ्या हकिगतीतलं सर्वांत शहाणं वाक्य तेच आहे आणि ते मी बोललेलं नाही.

मेल चार ओळींची होती. त्याला 'रेझिन' हवं होतं; गोड आणि मोठ्या मण्याचं. देठ हिरवं आणि ताजं असावं. तो स्वतः फेब्रुवारीअखेर बघायला येणार होता. आता रेझिन म्हणजे बेदाणा हे शाळेतल्या मुलालाही कळतं. पण बेदाण्याला हिरवं देठ? मी एका शिक्षिकेच्या करुणेने हसले. फ्रेंच लोकांचं इंग्रजी हे असंच. त्याला बिचाऱ्याला म्हणायचं होतं 'हिरव्या रंगाचा'. मी त्याची चूक सुधारली आणि हवालदारांना कागदावर लिहून दिलं: 'हिरवा, ताजा, लांब मण्याचा गोड बेदाणा हवा आहे.' कपातला चहा संपायच्या आत भाषांतर तयार होतं. "मॅडमला लय येतंय," असं हवालदारांनी पुढचा आठवडाभर सगळ्या गल्लीत सांगितलं आणि मी ते कुणालाही नाकारू दिलं नाही.

फेब्रुवारीत सुभेदारांचा फोन आला. पाहुणे येतायत, दुभाषी म्हणून दोन दिवस चला. मी चार प्रकारच्या साड्या भरल्या.

सातारा ते इस्लामपूर

पाहुणा पुण्याहून गाडी घेऊन मला न्यायला आला. पन्नाशीचा, उंच, डोक्यावर मोजके केस आणि पायात कांगोतही टिकले असतील असे बूट. त्याचं नाव लिहिताना सुरुवातीला 'ह'चं अक्षर येतं, पण फ्रेंच लोक ह उच्चारत नाहीत. उरतं ते 'एर्वे'. ड्रायव्हरला मी ते नीट समजावून सांगितलं.

"एरवी?" तो म्हणाला. "मग आज काय?"

ते नाव पुढे दोन दिवस 'एरवी साहेब' असंच राहिलं. खरं तर ह गिळण्याच्या बाबतीत एर्वे योग्य मुलखात आला होता. आमच्या खेडोपाडी 'आम्ही'चं 'आमी' होतं आणि 'तुम्ही'चं 'तुमी'. लहानपणी वाईला मी दूधवाल्यासारखं 'आमी' म्हटलं की आई डोळे वटारायची. पुढे पुण्यात मी तीस वर्षं पोरांना ह गिळायला शिकवण्याचा पगार घेतला.

साताऱ्याचं माणूस कंदी पेढे घेतल्याशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, तसे मीही दोन पुडे घेतले. कऱ्हाडच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस आणि पुढे कर्ण्यावर गाणं. एर्वेने विचारलं, हे लग्न आहे का? मी म्हटलं, नाही, साखर आहे. एक कांडं घसरून आमच्या बॉनेटवर पडलं. ड्रायव्हरने पत्र्यावर ओरखडा आला का ते बघितलं, एर्वेने उतरून कांडं उचललं आणि इस्लामपूर येईपर्यंत तो ते चघळत होता. मला वाटलं, किती छान सहल होणार आहे.

इस्लामपुरात आम्ही अख्खा मसूर खायला थांबलो. हा आमच्या भागाचा पदार्थ. मसूर न भरडता, झणझणीत रश्शात, बरोबर तव्यावरची जाड रोटी. पहिल्या घासाला एर्वेच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला त्याने आणखी मागवलं. इथपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोलत होतो. मग त्याने मोबाईलवर पुठ्ठ्याच्या पेट्यांचे फोटो दाखवले आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "रेझँ या पेट्यांत भरायचं. एका पेटीत दहा घोस. मित्राने बाग राखून ठेवली आहे ना?"

माझ्या हातातली रोटी हातातच राहिली.

फ्रेंचमध्ये 'रेझँ' म्हणजे द्राक्ष. वेलीवरचं, ताजं, रसाने टचटचलेलं द्राक्ष. ते वाळलं तर 'सुकं रेझँ' म्हणायचं. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला तो फक्त सुक्या फळापुरता, आणि ताज्या फळासाठी फ्रेंचांचाच दुसरा शब्द घेतला, 'ग्राप', ज्याचा फ्रेंचमध्ये अर्थ आहे घोस. म्हणजे इंग्रज माणूस एक मणी तोंडात टाकतो आणि म्हणतो, घोस खाल्ला. बरं, मूळ 'रेझँ' तरी कुठून आला? लॅटिनमधल्या घोसावरून. स्पॅनिश लोक त्याच शब्दाला अजून घोसच म्हणतात, 'रासिमो'. जर्मनांनी सुक्याला फ्रेंचांकडून 'रोझिने' घेतलं आणि ताज्याला 'ट्राउबे' म्हटलं. त्याचाही अर्थ घोस. इटली आणि स्पेनवाले ताज्या द्राक्षासाठी लॅटिनच्या 'उव्हा'ला धरून राहिले, आणि वाळलेल्याला म्हणतात 'पासा', म्हणजे पसरून वाळवलेलं. ग्रीसमधल्या कोरिंथ गावाहून बारीक काळे मनुके जात, तर त्या गावाच्या नावाचं इंग्रजीत 'करंट' झालं, आणि पुढे ते नाव भलत्याच झुडपाच्या फळालाही चिकटलं. एका द्राक्षापायी निम्मं युरोप मणी आणि घोस, ओलं आणि सुकं यांत चाचपडतं आहे.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'खोटे मित्र' म्हणतात. दर जूनमध्ये मी त्यांची यादी फळ्यावर लिहायचे. यादीतला पहिला शब्द हाच असायचा.

मी हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि बेसिनपाशी उभी राहून सुभेदारांना फोन लावला. "नमस्कार. बाग काय म्हणते?"

"ओके रिपोर्ट, मॅडम!" सुभेदारांचा आवाज एवढा खणखणीत होता की बाजूच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला. "समदी बाग उतरून झाली. एक घड ठेवला न्हाई येलीवर. समदा माल शेडमधी हाय. अगदी तुमी लिवून दिलासा तसा, हिरवागार!"

इस्लामपूर ते सांगली हा रस्ता सुंदर आहे असं ऐकून आहे. मी तो पाहिलेला नाही. कृष्णेवरून आम्ही गेलो असणार.

शेडमध्ये

सुभेदार फाटकात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पिळलेल्या मिशा. एर्वे उतरताच त्यांनी कडक सलाम ठोकला आणि "बोंजूर!" असं बांधापलीकडे ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले. मग दोघे एकमेकांना मिठी मारून कांगोतल्या कुठल्याशा नदीचं नाव घेऊन हसू लागले. सुभेदारांच्या पत्नी शालनताई पदर सावरत पुढे आल्या. "या ताई. ऊन लागलं का काय? त्वांड उतरलंय."

गावातली दहा-बारा माणसं ओट्यावर येऊन बसली होती. फ्रान्सचा माणूस सुभेदारांच्या मालासाठी येतोय हे सगळ्यांना महिनाभर आधीपासून माहीत होतं. चहा झाला आणि आम्ही शेडकडे निघालो.

बेदाण्याचं शेड मी पहिल्यांदा पाहिलं. लोखंडी खांब, वर पत्रा, बाजू मोकळ्या, आणि खांबांमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्या, रेल्वेतल्या बर्थसारख्या. प्रत्येक जाळीवर पसरलेला बेदाणा, हिरवा, मधूनच सोनेरी, वाऱ्याने वाळणारा. वास असा की तोंडाला पाणी सुटावं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

एर्वेने एक मणी उचलून उजेडात धरला. "फार सुंदर. केकमध्ये घालायला उत्तम. पण मादाम, रेझँ कुठे आहे?"

"काय म्हनत्यात?" सुभेदारांनी विचारलं.

तीस वर्षांत मी एकही शब्द जाणूनबुजून चुकीचा भाषांतरित केला नव्हता. "फार सुंदर आहे म्हणतात," मी म्हटलं. यात तसं खोटं काही नव्हतं. पुढच्या वाक्यापासून होतं.

"त्यांना इचारा, रंग जमला का? देठ काढून घेतल्यात समदे, एक काडी सापडायची न्हाई."

"ते म्हणतात," मी एर्वेला सांगितलं, "प्रवासाने दमला असाल, बाग उद्या बघू."

तासभर मी अशी दोन संभाषणं चालवली. सुभेदार बेदाण्याची कृती सांगत होते: द्राक्षं कशी द्रावणात बुडवतात, जाळीवर किती पातळ पसरतात, ऊन थेट लागलं तर कसा रंग जातो. मी एर्वेला त्या मुलखातल्या हवामानाची माहिती देत होते. मध्येच माझ्या मनात आलं, आपण मराठी तरी कुठे सरळ आहोत? बेदाणा हा शब्द फारसीतून आला, त्याचा अर्थ फक्त 'बिनबियांचा'. वाळण्याचा त्यात कुठे उल्लेखच नाही. पण हे ज्ञान त्या क्षणी कुणाच्या काही उपयोगाचं नव्हतं. सुभेदार एक मूठ बेदाणा माझ्या हातात घालून म्हणाले, "तुमच्या कागदामुळं झालं बगा. न्हाईतर मी ताजाच माल ठेवनार हुतो."

मी ती मूठ खाऊ शकले नाही. रुमालात बांधून ठेवली.

शालनताईंचा सल्ला

दिवस कलता कलता मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. शालनताई भाकऱ्या थापत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं: मेल, हिरवं देठ, माझं हसणं, माझी सुधारणा. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांना द्राक्षं पायजेत व्हय? आनि तुमी दुपारपासनं काय सांगताय त्यांला?"

"हवामान."

त्या हसल्या नाहीत. "ताई, मी सात वर्सं दोन घरांत निरोप पोचवतीया. माझे धाकटे दीर शेजारच्या मळ्यात ऱ्हात्यात, महादेव भाऊजी. ह्ये दोगं भाऊ बोलत न्हाईत. हे पेन्शनीवर आले तवा पयल्याच दिशी भाऊजींना म्हनाले, उद्यापासनं सहाला बागंत हजर. वीस वर्सं त्यो मानूस चारला उठून बाग बगत हुता! वाटनी झाली, कुंपान पडलं. तवापासनं ह्यांचं त्यांला मी सांगते, त्यांचं ह्यांला मी सांगते. अर्धं गाळून सांगते. 'त्या गाढवाला सांग' असं आलं तर 'भाऊजी, ह्यांनी इचारलंय' असं म्हनते." भाकरी उलटली. "पर द्राक्षाच्या जागी हवामान? ह्ये न्हाई मला जमलं कवा."

"मग मी काय करू?"

"सांगा की त्यांला. मी न्हाई सांगायची. आत्तापावेतो लय निरोप पोचवलं."

मी ओट्यावर गेले. एर्वे हातपाय धुवायला गेला होता, गावकरी पांगले होते. सुभेदारांना मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हंजे गलती कुनाची?"

"माझी."

"कागदावर कुनाची?"

"कागदावर त्यांची. इंग्रजीत त्यांनी चुकीचा शब्द लिहिला. पण मला कळायला हवं होतं."

"व्हय," सुभेदार म्हणाले. "म्हनून तर तुमाला दाखवायला सांगितलं हुतं."

आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील; ओरडले असते तर मी रात्री थोडी तरी झोपले असते. ते उठून शेडमध्ये गेले आणि जाळीवरचा बेदाणा हाताने सारखा करत राहिले.

एर्वेला सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. "माझ्या इंग्रजीच्या बाई," तो म्हणाला, "अगदी याच शब्दापासून सावध राहायला सांगायच्या. नेहमी." त्याला परवा परत निघायचं होतं. इथे द्राक्ष मिळालं नाही तर त्याला दुसऱ्या जिल्ह्यात बघावं लागणार होतं. बेदाणा वाया जाणार नव्हता, तासगावच्या बाजारात खपलाच असता. पण सुभेदारांनी बारा वर्षांपूर्वी कांगोत त्याला म्हटलं होतं, एक दिवस तुला माझ्या बागेतलं खायला घालीन, आणि तो एवढ्या लांबून ते खायला आला होता. वेलीवर पानंच होती.

जेवायला भाकरी, हरभऱ्याची भाजी, दही आणि मिरचीचा खर्डा. सुभेदार स्वतः एर्वेला वाढत होते. मी खर्डा जरा जास्तच घेतला. त्या दिवशी मला ते योग्य वाटलं.

शालनताई ताटात भाकरी टाकताना कुणाकडे न बघता म्हणाल्या, "पलीकडं भाऊजींची बाग भरलेली हाय. परदेशी जानारा माल, तपासनीचे कागद तयार."

"त्येच्या बांधावर मी पाय ठेवनार न्हाई," सुभेदार म्हणाले.

"तुमी नगा ठेवू. एरवी साहेब ठेवतील."

कुंपणापलीकडे

सकाळी मी बाहेर आले तर सुभेदार तयार होते. बूट चकाकत होते. "चला," एवढंच म्हणाले आणि पुढे चालू लागले. मागे एर्वे, मी, आणि सर्वांत मागे शालनताई. तारेच्या कुंपणात एक फट होती. शालनताई रोज तिथूनच जात असणार, कारण पायवाट मळलेली होती. सुभेदार त्या फटीपाशी क्षणभर थांबले आणि मग वाकून आत गेले.

मांडवाखाली द्राक्षाचे घड ओळीने लोंबत होते, लांब मण्यांचे, पोपटी. महादेव बनियन आणि लेंग्यावर उभे, हातात घड कापायची कात्री. भावाला बघून त्यांनी कात्री खिशात घातली, पुन्हा काढली.

सुभेदार एका वेलीकडे बघत मला म्हणाले, "मॅडम, त्येला सांगा, पाव्हनं फ्रान्सहून आल्यात. बाग बघायची म्हनत्यात."

महादेव पाच पावलांवर होते. मी त्यांच्याकडे वळले. "हे पाहुणे फ्रान्सहून आलेत. त्यांना बाग बघायची आहे."

"बगा की," महादेव दुसऱ्या वेलीला म्हणाले. "पर त्यांला इचारा, सोताची बाग काय झाली?"

मी सुभेदारांकडे वळले. "ते विचारतायत, तुमची बाग काय झाली?"

"उतरवली म्हनावं."

"उतरवली."

एर्वेने माझी बाही ओढली. "ही वेगळी भाषा आहे का?"

"नाही, तीच आहे."

"मग तुम्ही काय करता आहात?"

"भाषांतर."

महादेवांचा आवाज चढला. "त्यांला इचारा, बेदान्याची घाई कुनी केली? एवढी सोन्यासारखी बाग!"

आता मी बोलायलाच हवं होतं. "चूक माझी आहे. मी मेलचा अर्थ..."

"मॅडम, ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले. "बाग माझी, गलती माझी. त्येला तसं सांगा."

हे वाक्य मला सांगता येईना. ते सगळ्यांना ऐकू आलंच होतं. महादेव कात्री उघडझाप करत राहिले आणि मग थोडं खालच्या आवाजात म्हणाले, "मी सांगावा धाडला हुता. संक्रांतीला. यंदा ताज्या मालाला मागनी हाय, बेदाना करू नगा म्हनून. वहिनीजवळ."

सगळ्यांनी शालनताईंकडे बघितलं. त्या एका पानावरची कीड शोधत होत्या.

"शालन?" सुभेदार म्हणाले.

"न्हाई सांगितला," त्या म्हणाल्या. "भाऊजींनी सांगितलंय म्हटलं असतं तर तुमी मुद्दाम उलटं केलं असतं."

"आनि न सांगून काय येगळं झालं?" महादेव म्हणाले.

"त्ये मला काय म्हाईत हुतं!"

सुभेदार पूर्ण वळले, वेलीकडे नाही, माझ्याकडे नाही. "तू सांगावा धाडला हुतास?"

"व्हय."

"संक्रांतीला?"

"व्हय, दादा."

मी एक पाऊल मागे सरले. दोघे तसेच उभे राहिले, एक कडक इस्त्रीत आणि एक बनियनमध्ये. शेवटी एर्वेनेच ते सोडवलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, म्हणून त्याने सरळ हात वर करून एक घड तळव्यावर तोलला, देठ बोटांनी दाबून बघितलं, एक मणी तोडून खाल्ला. मग दुसरा. मग सुभेदारांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "रेझँ!"

"ह्ये कळलं," सुभेदार म्हणाले.

माल एर्वेने नक्की केला. लगेच सुभेदारांनी घड कसे कापायचे, पेट्या कुठे ठेवायच्या, सावली किती लागेल हे सांगायला सुरुवात केली. महादेव म्हणाले, "दादा, मी इतकी वर्सं ह्येच करतोय." सुभेदार म्हणाले, "तरी पन." मला कुणी काही भाषांतरित करायला सांगितलं नाही.

सांगली, आणि नंतर

दुपारी निघालो. सांगलीत थांबून एर्वेने भडंगाचे सहा पुडे घेतले आणि चार गाडीतच संपवले. या वेळी मी कृष्णा बघितली. पाणी कमी होतं, घाटावर कपडे वाळत होते. साताऱ्यात मला सोडताना एर्वे म्हणाला, यापुढे मेल फ्रेंचमध्येच लिहीन. मी म्हटलं, त्याआधी फोन करा.

शेजारच्या हवालदारांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा आठवडाभर गल्लीत तेही सांगितलं.

पंधरा दिवसांनी शालनताईंचा फोन आला. द्राक्षं रवाना झाली होती. बेदाणाही तासगावच्या बाजारात गेला होता.

"बरं झालं," मी म्हटलं. "आणि दोघं भाऊ?"

"आवं ताई, काय सांगू," त्या म्हणाल्या. "सात वर्सं कशी शांतता हुती ह्या मळ्यात. आता सकाळच्याला जे सुरू हुतंय ते जेवनापावेतो. ह्यांनी काय म्हनायचं, त्यांनी काय म्हनायचं. त्वांडावर! कुंपान काढायचं ठरलंय तर खांब कुनी उपटायचे ह्यावरनं आज हानामारीच व्हायची बाकी हाय. आयका."

त्यांनी फोन बाहेर धरला असावा. वारा, कुत्र्याचं भुंकणं आणि दोन पुरुषांचे आवाज एकमेकांवर चढलेले. मला एकही शब्द लागेना.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"थांबा वाईच," शालनताई म्हणाल्या. "आयकू द्या मला."